माझा अनुभव: कॅडिसफ्लायच्या एका अळीने तीन आठवडे कसं फिरवलं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ओढ्यातले किडे घेतले तेव्हा मला वाटलेलं की जाळं टाकायचं, किडे मोजायचे, पुस्तक उघडून नाव लिहायचं आणि संपलं. जावळी खोऱ्यात मेढ्याच्या पुढे मामाचं गाव आहे, तिथलाच ओढा घेतला म्हणजे जेवणाखाण्याची सोय. पहिल्या दिवशी मी गुडघाभर पाण्यात वाकून दगड उलटे करतोय बघून मामा काठावरनं म्हणाले, "काय रं, खेकडं धरतोस व्हय?" मी म्हटलं अळ्या. त्यावर ते काही बोललेच नाहीत.

वाहत्या पाण्यातले दगड उलटे केले की काहींच्या खाली शेंबडासारखं काहीतरी चिकटलेलं असायचं आणि त्यात सेंटिमीटरभर लांबीची, पिवळट अंगाची, नारिंगी डोक्याची अळी. हीच कॅडिसफ्लायची अळी; कॅडिसफ्लाय म्हणजे पतंगासारखा दिसणारा किडा, ज्याच्या अळ्या पाण्यात वाढतात. तो शेंबूड म्हणजे तिचं जाळं, पाण्यात असताना बोटासारखं लांब फुगलेलं असतं, बाहेर काढलं की सगळं बसतं. हे मला नंतर कळलं, तेव्हा मी ते पुसून टाकत होतो.

अळ्या अल्कोहोलात टाकून कॉलेजला आणल्या. ओळख पटवायला जी की असते, म्हणजे एकेका प्रश्नाला हो-नाही करत नावापर्यंत नेणारी यादी, तिला आमच्या लॅबमध्ये सगळे किल्लीच म्हणतात, नाहीतर "की"मध्ये लिहिलंय की, असं बोलावं लागतं. सुरुवात मस्त झाली. छातीच्या तीन भागांपैकी फक्त पहिल्यावर कडक पाट, पोटाखाली कल्ले नाहीत, म्हणजे कॅडिसफ्लायचं हायड्रोसायकिडी हे कुळ बाद, कारण त्यांच्या तिन्ही भागांवर पाट असतात आणि पोटाखाली झुपकेदार कल्ले. मग प्रश्न आला, वरचा ओठ पांढरा, मऊ आणि इंग्रजी टीसारखा आहे का? मी बघितलं, कुठे काय टी? नाही म्हणून पुढे गेलो आणि तिथेच वाट चुकलो. किल्ली मला पॉलिसेंट्रोपोडिडी या दुसऱ्या कुळाकडे न्यायची, तिथे काही जुळायचं नाही, मग सायकोमायिडी हे तिसरं, तिथेही नाही, परत पहिल्यापासून. असे तीन आठवडे. सरांना विचारलं तर म्हणाले परत बघ. डीएनए करायला पैसे कुठले.

मग एकदा ओढ्यावर सहज एक जिवंत अळी बशीत पाणी घेऊन ठेवली आणि दहापट भिंगातून बघत बसलो. दोन मिनिटांनी तिने डोक्याखालनं एक पांढरा रुंद ब्रशच बाहेर काढला, आडव्या काठीच्या झाडूसारखा, इकडून तिकडे फिरवला आणि परत आत घेतला. हाच तो टी! याच ओठाने ती जाळ्यावर अडकलेला बारीक गाळ खरवडून खाते. अल्कोहोलात पडली की ओठ आत ओढून घेते म्हणून मला दिसत नव्हता. परत आल्यावर बाटलीतल्या एका अळीचं डोकं चिमट्याने हलकं दाबलं तर तो आपोआप बाहेर आला. अक्षरशः ओरडलो मी लॅबमध्ये.

म्हणजे कुळ फिलोपोटॅमिडी. जीनस, म्हणजे कुळातला जवळच्या जातींचा गट, त्यानंतर अर्ध्या तासात. डोक्याच्या पुढच्या कडेला ठळक खाच आणि तीही मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली, चेहरा जरा वाकडा केल्यासारखा. ही किमारा. स्टीफन्सने १८२९ साली केलेली जीनस, जगभरात ८००च्या वर जाती, त्यामुळे फार काही दुर्मिळ सापडलं अशातला भाग नाही.

सर म्हणाले प्रौढावरनंही खात्री कर. मग रात्री ओढ्याकाठी पांढरी चादर आणि यूव्ही दिवा, अर्धा गाव बघायला. चादरीवर बसलेल्या काळपट बारक्या माश्यांच्या, म्हणजे प्रौढ कॅडिसफ्लायच्या, पुढच्या पायाच्या नळीवर एक काटा, मधल्यावर चार, मागच्यावर चार. १-४-४ म्हणजे किमारा, याच कुळातल्या बऱ्याच इतरांना २-४-४ असतात. पण माशी आणि अळी एकाच जातीची हे कसं सांगणार, ओढ्यात किमाराच्याच दोन जाती असू शकतात. त्यावर उत्तर कोषात मिळालं. दगडाला चिकटलेला पिकलेला कोष उघडला की मागच्या टोकाला अळीच्या डोक्याचे टाकून दिलेले कडक तुकडे दाबून बसवलेले असतात, आणि आतल्या नराची जननेंद्रियं कातडीतून दिसायला लागलेली असतात. अळी आणि नर दोघांचा पुरावा एकाच डबीत! असे पाच कोष शोधायला मला चार फेऱ्या लागल्या, पाठ गेली कामातनं.

जातीचं नाव मात्र लागलं नाही. नराचं पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये साफ करून, सगळ्या बाजूंनी चित्रं काढून मिळतील तेवढ्या जुन्या वर्णनांशी ताडून बघितलं, एकाशी बऱ्यापैकी जुळतं पण खालचा काटा वेगळा वाटतो. प्रबंधात "किमारा, जाती १" एवढंच लिहिलंय. मामांना फोन करून सांगितलं की नाव सापडलं, तर म्हणाले, "मग आता खायचं काय त्याचं?"