जोसेफ ब्राउन यांच्या देणग्या आणि डेड काउंटीच्या खाणी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे एकेकाळचे गव्हर्नर आणि उद्योजक जोसेफ एमर्सन ब्राउन यांच्या चरित्रात त्यांच्या दानशूरपणाचे प्रकरण आणि त्यांच्या कोळशाच्या खाणींचे प्रकरण बहुधा वेगवेगळे लिहिले जाते. मला मात्र ही दोन्ही प्रकरणे एकत्र वाचल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

१८२१ साली जन्मलेले आणि उत्तर जॉर्जियाच्या डोंगराळ भागात वाढलेले ब्राउन स्वतःच्या हिमतीवर शिकले, येल येथे कायद्याचा अभ्यास करून आले आणि १८५७ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढणाऱ्या दक्षिणेची बाजू घेतली, तरी सक्तीच्या सैन्यभरतीवरून दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्याशी त्यांचे उघड वैर होते. पराभवानंतर ते रिपब्लिकनांना जाऊन मिळाले, राज्याचे सरन्यायाधीश झाले आणि वारे फिरताच पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षात परतले. १८८० मध्ये ते अमेरिकेच्या सेनेटमध्येही पोहोचले.

त्यांच्या व्यवसायाची उभारणी सरकारी मालमत्तेच्या भाडेपट्ट्यांवर झाली. अटलांटा ते चॅटनूगा ही राज्याच्या मालकीची रेल्वे १८७० मध्ये दरमहा २५,००० डॉलर भाड्याने २० वर्षांसाठी एका कंपनीला मिळाली आणि ब्राउन त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. रेल्वेपाठोपाठ आली ती जॉर्जियाच्या डेड काउंटीत कोळसा काढणारी त्यांची डेड कोल कंपनी, आणि तिच्या खाणींत राबायला माणसेही राज्याकडूनच भाडेपट्ट्याने आली.

याची पार्श्वभूमी सांगायलाच हवी. १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मन यांचे सैन्य जॉर्जियाची तेव्हाची राजधानी मिलेजव्हिलच्या जवळ येऊन ठेपले, तेव्हा गव्हर्नर ब्राउन यांनी तेथील तुरुंगातल्या कैद्यांना लढण्याच्या अटीवर माफी देऊ केली होती. त्याच धामधुमीत तो तुरुंग जळाला. युद्धानंतर रिकाम्या तिजोरीच्या राज्याने कैदी सांभाळण्याचा खर्च टाळण्यासाठी ते खाजगी कंपन्यांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. हे कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते, नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते, आणि त्यांतील अनेकांना किरकोळ चोरीसाठीही वर्षानुवर्षांची सक्तमजुरी झालेली होती. गुलाम विकत घेणाऱ्या मालकाचे भांडवल निदान त्या माणसात अडकलेले असे. येथे कैदी मेला तरी ठेकेदाराचे काहीच जात नव्हते. डेडच्या खाणींत जमिनीखाली कोळसा फोडणाऱ्या या माणसांना ठरवून दिलेले काम पुरे झाले नाही तर चाबकाचे फटके बसत. १८८६ मध्ये तेथील कैद्यांनी काम थांबवले. हातात काहीही नसलेल्या माणसांनी दाखवलेले ते धैर्य मला ब्राउन यांच्या साऱ्या राजकीय कारकिर्दीपेक्षा मोठे वाटते.

याच काळात ब्राउन देणग्या देत होते. १८८० मध्ये बंद पडण्याच्या बेतात असलेल्या, केंटकी राज्यातील लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट धर्मशिक्षण महाविद्यालयाला त्यांनी ५०,००० डॉलर दिले आणि ते महाविद्यालय तरले. तेवढीच रक्कम त्यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ जॉर्जिया विद्यापीठाला दिली, जेणेकरून गरीब विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी कर्ज मिळावे. मुलाच्या मृत्यूचे दुःख खरे होते, गरिबीतून शिकलेल्या माणसाची कळकळही खरी होती, याविषयी मला शंका नाही. पण खाणीत राबणारेही कोणाचे तरी मुलगे होते.

ब्राउन १८९४ मध्ये वारले. कैदी भाड्याने देण्याची पद्धत जॉर्जियाने १९०८ मध्ये बंद केली. अटलांटाच्या विधानभवनाच्या आवारात ब्राउन दांपत्याचा पुतळा उभा आहे. लुईव्हिलच्या महाविद्यालयाने मात्र २०१८ मध्ये आपल्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आपल्याला तारणाऱ्या या देणगीदाराची संपत्ती कैद्यांच्या श्रमांतून आली होती, हे त्यात स्वतःहून नोंदवले.