मेंटेनन्सची शीट आणि लाल रंग

कोथरूडातल्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब यंदा माझ्याकडे आलाय, आणि एक्सेलमधलं कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे ठरवलेली अट जुळली की रंग आपोआप बदलणारी सोय, मला मनापासून आवडायला लागलंय. डी कॉलममध्ये बाकी आहे, शून्यापेक्षा जास्त असली की अख्खी ओळ लाल. त्यासाठी पूर्ण टेबल सिलेक्ट करून न्यू रूलमधे फॉर्म्युला टाकायचा (=$D2>0 असा, टेबल दुसऱ्या ओळीपासून असेल तर) आणि डी च्या आधी डॉलरचं चिन्ह हवंच, नाहीतर प्रत्येक सेल भलताच कॉलम तपासतो.

पण परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पैसे भरूनही त्यांची ओळ लालच, मला फार वाईट वाटलं, कारण यादी ग्रुपवर गेली होती. मी बाकीच्या जागी 'भरले' लिहिलेलं, आणि तुलना करताना एक्सेल अक्षरांना कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरतं! तिथे ० टाकला, लाल गेला, काकूंना लगेच फोन केला.