क्योटोतली संकष्टी

मराठी मंडळींना क्योटो दाखवायचं तर आधी पोटाचा बंदोबस्त करावा लागतो. इथल्या नुसत्या भाजीच्या रश्शातही दाशी असते, म्हणजे सुकवलेला बोनितो मासा आणि कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ उकळून काढलेलं पाणी. 'मासे नकोत' म्हटलं की स्वयंपाकी आदबीने तुकडे बाजूला काढतो आणि रस्सा तसाच वाढतो. त्याच्या लेखी त्यात मासा उरलेलाच नसतो. म्हणून माझ्या गटांना मी पहिल्या दिवसापासून वागाशीच्या, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाईच्या, दुकानांची वाट दाखवते. अझुकीचे लाल दाणे किंवा पांढरा घेवडा शिजवून साखरेत आटवलेलं 'आन', तांदळाची पिठी, आणि कांतेन, म्हणजे आपलं चायना ग्रास. भाजलेल्या प्रकारांत बरेचदा अंडं असतं, तेवढं विचारून घ्यायचं. बाकी बहुतेक मिठाई आपल्या शाकाहारी माणसांनी निर्धास्त खावी.

गेल्या नोव्हेंबरात सांगलीहून एक गट आला होता. दोन-तीन नात्यातली कुटुंबं, बहुतेक जण साठीच्या पुढचे, आणि सगळ्यांत वडीलधाऱ्या एक आजी. वय ऐंशीच्या वर, पाठ ताठ, साडीवर जाड स्वेटर, पायात बूट. आदल्या दिवशी आम्ही नारा केलं होतं. तिथल्या तोदाइजी देवळातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी 752 साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला, हे मी तिथे नेहमी मन लावून सांगते. लोक माना डोलावतात, फोटो काढतात आणि हरणांकडे वळतात. इतका जुना दुवा कुणाला भिडत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आजींनी नुसतं गरम पाणी घेतलं. सून म्हणाली, "आज संकष्टी त्यांची. परदेशात राहू द्या म्हटलं, तर ऐकत नाहीत." आजींच्या पर्समध्ये कालनिर्णयचं त्या महिन्याचं पान घडी करून ठेवलेलं होतं. एका काकांनी शंका काढली. जपानात चंद्र आपल्यापेक्षा काही तास आधी उगवतो, त्या वेळी चतुर्थी लागलेली असेल कशावरून? आजी म्हणाल्या, "माझा गणपती सांगलीत कृष्णेकाठी बसलाय. त्याच्या गावात आज संकष्टी, म्हणजे मला संकष्टी." विषय तिथेच मिटला. मला त्यांनी एकच काम सांगितलं, इथल्या चंद्रोदयाची वेळ. जपानची राष्ट्रीय वेधशाळा प्रत्येक प्रांतासाठी ती वेळ देते. साडेसातच्या सुमाराची निघाली. मी वर अर्धा तास धरला, कारण क्योटोच्या पूर्वेला हिगाशियामाचे डोंगर आहेत आणि चंद्राला ते ओलांडून वर यावं लागतं.

उपासाचा प्रश्न दुपारी सुटला. नोव्हेंबर म्हणजे जपानात भाजक्या रताळ्यांचे दिवस, साध्या सुपरमार्केटच्या दाराशीही गरम खड्यांवर रताळी भाजत ठेवलेली असतात. आजींनी ते सोलून, आतला पिवळाधमक गर बघून, "आपल्यापेक्षा गोड आहे गं" असा दाखला दिला.

तीन वाजता चहाचा कार्यक्रम होता, निशिजिन या विणकरांच्या जुन्या भागात, एका लाकडी घरात. तिथल्या सेन्सेई, म्हणजे गुरुबाई, सत्तरीच्या आहेत आणि आयुष्यभर चहा शिकवत आल्या आहेत. आमच्या लोकांचे गुडघे ओळखून त्यांनी टेबल-स्टुलांची मांडणी केली होती. ही काही आजची सवलत नव्हे. 1872 साली क्योटोत प्रदर्शन भरलं आणि परदेशी पाहुणे येऊ लागले, तेव्हा चहाविधीच्या उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साइ यांनी टेबल-स्टुलांवर बसून चहा करायची ही रीत बसवली. ज्या परंपरेला लोक कर्मठ म्हणतात तिने दीडशे वर्षांपूर्वीच पाहुण्यासाठी आपली बैठक बदलली. मला ही गोष्ट फार आवडते, आणि झेनवर लांबलचक बोलण्यापेक्षा मी हीच सांगते.

मी सकाळीच फोन करून एक मिठाई कमी लागेल असं कळवलं होतं. सेन्सेईंनी ऐकलं नाही. जितकी माणसं तितकी मिठाई, खाणार की नाही ते पाहुण्याने ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकापुढे कागदाच्या घडीवर एकेक किन्तोन आलं. आत लाल आनाची गोळी आणि तिच्यावर बाहेरून तांबूस, पिवळ्या, हिरवट रंगांचे मऊ धागे, पानगळीतला डोंगर जसा दिसतो तसे. हे धागे पांढऱ्या आनाचे असतात. घट्ट आन चाळणीवर ठेवून तळव्याने खाली दाबायचं, उतरलेले धागे काडीच्या टोकाने उचलायचे आणि गोळीवर एकेक करून टेकवायचे. जोर जास्त झाला की धागा चेपतो आणि सगळा डोंगर बसतो.

गटातल्या एक काकू ते जवळून बघत म्हणाल्या, "अहो, हे तर पुरण घातलंय!" मी सेन्सेईंना सांगितलं की आमच्याकडे हरभऱ्याची डाळ शिजवून गुळात शिजवतात, मग यंत्रातून काढतात. त्या आत गेल्या आणि आपली चाळणी घेऊन आल्या. काकूंनी जाळीवरून बोट फिरवलं. पुरणयंत्राची मधली चकती आणि त्या चाळणीची भोकं यांची तुलना सुरू झाली. डाळ किती शिजवायची, पाणी कधी ओतून टाकायचं, गूळ आधी की नंतर, यावर पंधरा मिनिटं गेली. कटाची आमटी मात्र सेन्सेईंना पटेना. आनासाठी दाणे शिजवताना पहिलं पाणी त्या टाकून देतात, तुरटपणा जावा म्हणून. आमच्या बायका डाळीचं पाणी टाकायच्या कल्पनेनेच हळहळल्या.

या सगळ्यात आजींनी आपल्यापुढची मिठाई दोन्ही हातांनी किंचित पुढे सारली आणि हात जोडले. चहाच्या रीतीत गोड आधी खायचं असतं, कारण माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची घुसळलेली पूड, कडक असतो आणि तो रिकाम्या पोटी बाधतो. सेन्सेईंनी चहाच्या डबीवर ठेवलेला हात थांबवला आणि मला हलक्या आवाजात विचारलं, "हा उपवास कुणाचा?"

मी म्हटलं, "हत्तीचं मुख असलेला आमचा देव आहे. पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी त्याचा उपवास. चंद्र दिसला की त्याला गोड दाखवायचं, मग जेवायचं."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे शोतेन-सान."

शोतेन, किंवा कांगितेन. हे मला माहीत होतं, पुस्तकातून. नवव्या शतकाच्या सुमारास तांत्रिक बौद्ध धर्माबरोबर गणपती चीनमार्गे जपानात पोचला. इथे त्याची मूर्ती बहुतेक वेळा हत्तीमुखाच्या दोन आकृती एकमेकींना मिठी मारून उभ्या अशी असते, आणि ती भक्तांनाही दाखवत नाहीत, बंद देव्हाऱ्यात राहते. नैवेद्याला पांढरा मुळा ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या मूर्तींतही गणपतीच्या एका हातात मुळा सापडतो. हे सगळं मी कधी कुठल्या गटाला सांगितलं नव्हतं, कारण दाखवायला काही नाही. पण सेन्सेईंचं लहानपण याच निशिजिनमध्ये गेलं होतं, उहोइन या शोतेनच्या देवळापासून चार गल्ल्यांवर. आई दर महिन्याला मुळा घेऊन जायची, त्या तिचं बोट धरून जायच्या. मूर्ती त्यांनी आजवर पाहिलेली नाही.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. आजी बोलल्या नाहीत. त्यांनी सेन्सेईंकडे नीट वळून पाहिलं आणि विचारलं, "न बघता पूजा करतात? मग फार श्रद्धा असली पाहिजे."

सेन्सेईंनी मग आजींसाठी निराळा चहा केला. पूड नेहमीच्या निम्मी, पाणी जास्त, घुसळण हलकी. चहा उपासाला चालतो का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. "चहा चालतो," आजी म्हणाल्या, "आणि यात तर दूधही नाही न् साखरही नाही." बाकीच्या काकांनी माच्चाचा पहिला घोट घेऊन चेहरे आवरले होते. आजींनी वाडगा दोन्ही हातांत धरून, सांगितला तसा वळवून, तो सगळा संपवला. किन्तोन सेन्सेईंनी त्याच कागदात बांधून दिलं. चहाला गेलेल्या पाहुण्याने न खाल्लेलं गोड असं बांधून नेणं हीसुद्धा तिथली जुनीच रीत आहे.

आणि मग त्यांनी फोन उचलला. गिओनमध्ये यासाका देवस्थानाजवळ कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान आहे, 1617 सालापासूनचं. तिथे सेइजो कांकिदान नावाचा पदार्थ मिळतो. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, चीनमधून आलेल्या पदार्थांपैकी हा एक, शोतेनचा ठरलेला नैवेद्य. आज शिल्लक आहेत का, असं विचारून त्यांनी असतील तेवढे बाजूला ठेवायला सांगितले. संध्याकाळी गिओनचा फेरफटका आमच्या कार्यक्रमात होताच.

पुडा दुकानाबाहेर पडल्या पडल्या उघडला गेला. गव्हाच्या आणि तांदळाच्या पिठाची पारी, आत आनाचं सारण, वर तोंड चिमटून आठ कळ्या, त्या कमळाच्या आठ पाकळ्या. आकार पैशाच्या बटव्याचा म्हणतात, आणि अख्खा तिळाच्या तेलात मंद तळलेला. पूर्वी सारणात सुकी फळं असत, अझुकी नंतर एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकादरम्यान, आली. सारणात चंदन, दालचिनी, लवंग अशी सात सुगंधी द्रव्यं असतात. आजींनी एक उचलून, उलटा करून, बुडाकडून पाहिला, पुन्हा सरळ केला, कळ्यांवरून अंगठा फिरवला.

"तळणीचा मोदक आहे हा," त्या म्हणाल्या. "चौदा विद्या शिकलेल्या माणसाने तरी आणखी काय म्हणावं याला?"

त्यांना 21 हवे होते. तेवढे नव्हते, मिळाले ते सगळे घेतले.

आठच्या पुढे चंद्र डोंगरावर आला. हॉटेलच्या खोलीत निरांजन-उदबत्तीला बंदी, छतावर धुराचं यंत्र. आजींनी डबीतला चांदीचा गणपती खिडकीत ठेवला, दूर्वा नव्हत्या म्हणून अक्षता वाहिल्या, चंद्राला पाण्याचं अर्घ्य पेल्यातून ताटलीत सोडलं. नैवेद्याला कांकिदान आणि शेजारी कागदातलं किन्तोन. आम्ही दाटीवाटीने पलंगावर, खुर्च्यांवर, दारात उभे राहून अथर्वशीर्ष म्हटलं. मला ते इतक्या वर्षांनी पूर्ण येईल असं वाटलं नव्हतं. आलं.

प्रसाद फोडायला जोर लागला. कवच चांगलंच टणक असतं. सेन्सेईंनी थोडं गरम करून घ्या म्हणून बजावलं होतं, म्हणून मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात विनंती करून ते भट्टीत ठेवून आणले होते. तिळाचा खमंगपणा आधी येतो, मग देवघरातल्यासारखा चंदन-लवंगेचा वास थेट नाकात चढतो. एका काकांना ते धूप खाल्ल्यासारखं लागलं. मला विलक्षण आवडलं. नारामध्ये जे मला शब्दांत सांगून पोचवता आलं नव्हतं ते आता सगळ्यांच्या जिभेवर होतं, आणि प्रश्न आपोआप येत होते. कुठल्या वाटेने आला, कोण घेऊन आलं, चीनमध्ये अजून करतात का. रात्री अकरापर्यंत मी उत्तरं देत होते.

निघायच्या आधी आजींनी मला समोर बसवून उकडीच्या मोदकांची कृती सांगितली, सेन्सेईंसाठी. वाटीभर पाण्याला वाटीभर तांदळाची पिठी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, पाण्याला उकळी आल्यावर पिठी, मग वाफ, मग गरम असतानाच मळणं. मी ती जपानीत लिहून पाठवली.

माघी गणेश जयंतीच्या सुमारास सेन्सेईंचा निरोप आला. जोशिन्को नावाची तांदळाची पिठी वापरून त्यांनी मोदक केले होते. फोटोत कळ्या सुबक होत्या, फक्त एकमेकींना लागून न येता लांब लांब पडल्या होत्या. ओलं खोबरं मनासारखं मिळालं नाही म्हणून सारण आनाचं भरलं होतं. ते उहोइनला न्यायचे होते, पण त्याआधी सांगलीच्या आजींना विचारावं असं त्यांना वाटलं. खोबऱ्याशिवाय चालेल का?

मी फोटो आणि प्रश्न सुनेच्या फोनवर पाठवला. तासाभरात आजींचा आवाजी निरोप आला.

"चालेल म्हणावं. मनापासून केलंय ना, देव घेतो. पारी कडेला अजून पातळ करा म्हणावं, म्हणजे कळ्या जवळ येतील. आणि पोरी, त्यांना नक्की सांग, वाफ आल्यावर झाकण लगेच काढायचं नाही, मोदक भेगाळतात."