बारा वर्षं मी बेडशीट लिहीत होते

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी एक्सपोर्टचे कागद बघते. मागे लूमचा खडखडाट, पुढे काचेच्या केबिनमध्ये मी. बारा वर्षं इनव्हॉइसवर एकच ओळ टाइप करत आले: कॉटन जॅकार्ड बेडशीट. जॅकार्ड म्हणजे मागावरच विणलेली नक्षी. माझ्या आधीच्या क्लार्कनं तेच लिहिलं होतं, फाइल तशीच माझ्याकडे आली. आमचा बराचसा माल आखातात जातो, तिकडं घेणारे आपलेच लोक. त्यांना सोलापुरी चादर डोळे मिटून कळते, कागदावर काहीही लिहा.

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या एका गेस्ट हाउसवाल्या बाईंनी 300 नगांची चौकशी केली. सॅम्पल म्हणून मोराच्या दोन चादरी गेल्या, 60 बाय 90 इंची. सोमवारी सकाळी त्यांचा मेल आला. कापड फार देखणं आहे, पण माझ्या पाहुण्यांनी यावर झोपायचं कसं? अंगाला टोचेल. शिवाय गादीखाली खोचायला कडाच उरत नाहीत. तुम्ही चुकून दुसराच माल पाठवला का?

मालकांना मेल वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग ब्लँकेट लिहा आणि मोकळ्या व्हा." मला आधी ते पटलंही. शीट म्हणजे अंथरायची, ब्लँकेट म्हणजे पांघरायचं, एवढाच माझा हिशोब. पण मुंबईच्या कस्टम एजंटला फोन लावला तर तो उलट मलाच विचारायला लागला, "मॅडम, कस्टमच्या कोडांत ब्लँकेट 6301 मध्ये बसतं, बेडशीट 6302 मध्ये आणि बेडस्प्रेड 6304 मध्ये. 300 नग जातील तेव्हा शिपिंग बिलावर काय टाकू?" एका चादरीला तीन दारं, आणि कुठल्या दारातून न्यायची ते मी सांगायचं.

दुपारचा डबा बाजूला ठेवून शब्दकोश उघडला. माझा अंथरूण-पांघरुणाचा हिशोब पहिल्याच पानावर कोलमडला. इंग्रज माणूस पूर्वापार दोन शीटांच्या मध्ये झोपायचा, एक खाली आणि एक अंगावर. म्हणजे शीट पांघरायचीही असते! तिची खूण खाली-वर ही नाहीच. अंगाला लागतं ते शीट, म्हणून ते पातळ, गुळगुळीत आणि सतत धुतलं जाणारं. त्यावर उबेसाठी ब्लँकेट. हा शब्द फ्रेंचमधल्या पांढऱ्या रंगाच्या शब्दावरून आला, कारण मूळचं ब्लँकेट न रंगवलेल्या लोकरीचं असायचं. आपल्या भाषेत घोंगडीच्या जवळपासचं काहीतरी. क्विल्ट म्हणजे थर एकमेकांवर ठेवून टाके घातलेली, आपली गोधडी. आणि सगळ्यात वर, आवरलेल्या पलंगाची शोभा म्हणून टाकतात ते बेडस्प्रेड.

आमची चादर यात कुठे बसते? उबेला आहे, पण लोकर नाही. नक्षी अशी की मागच्या बाजूला तोच मोर उलट्या रंगात दिसतो, म्हणजे शोभेलाही आहे. मग एक शब्द सापडला, कव्हरलेट. फ्रेंच मुळात त्याचा अर्थ सरळ 'पलंग झाकणारं', आणि आकारानं बेडस्प्रेडपेक्षा लहान. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जॅकार्ड मागावर विणलेल्या रंगीत कव्हरलेट बऱ्याच घरांत असायच्या. फोटो पाहिला आणि हसूच आलं. फुलं, पक्षी, काठाला वेल. साखर पेठेतल्या दुकानात टांगली तर कुणी वेगळी म्हणून ओळखणार नाही.

तेवढ्यात लूमवरचे अण्णा सही घ्यायला आले. पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातला माणूस, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी.

"काय झालं ओ मॅडम, जेवला नाही?"

"अण्णा, चादरीला तुमच्यात काय म्हणतात?"

"दुप्पटी."

"अंथरायची की पांघरायची?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाटलं, काय विचारतेय मी. "थंडी असली की अंगावर, नसली की खाली. दुप्पटी ती दुप्पटीच."

खरं तर आपलंही तेच. हॉटेलात 'चादर बदला' म्हटलं की पोऱ्या गादीवरचीच काढतो. हिंदीवाले चादर पाहून पाय पसरतात, आपण अंथरूण पाहून. पाय तेच.

संध्याकाळी बाईंना लिहिलं की चूक मालात नाही, माझ्या शब्दात होती. ही पलंगावर सगळ्यात वर घालायची कव्हरलेट आहे, खालचं शीट तुमचं तुम्ही घाला. एजंटला 6304 सांगितला, बेडस्प्रेडच्या गटातच येते म्हणून. अर्ध्या तासात उत्तर आलं: असं असेल तर रंग आवडले, दरपत्रक पाठवा.

दरपत्रक उघडलं. दुसऱ्याच ओळीत होतं, टेरी नॅपकिन, 16 बाय 24. आपण हात पुसायच्या छोट्या टॉवेलला सर्रास नॅपकिन म्हणतो. तिकडं नॅपकिन म्हणजे जेवताना मांडीवर घ्यायचा रुमाल, आणि बाळाच्या लंगोटाला ते नॅपी म्हणतात तेही याच शब्दाचं पिल्लू. ओळ खोडून हँड टॉवेल टाइप करत होते, तर दारातून अण्णा म्हणाले,

"आता नॅपकिनला काय झालं ओ?"