रंगावर जाऊ नका, पोट तपासा

आजचा अख्खा दिवस पतंगांच्या जननेंद्रियांच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या स्लाइड करण्यात गेला. नवी जाती ठरवायची तर नुसत्या पंखांवर भागत नाही. खवले झडतात, जुन्या नमुन्यांचा रंग उडतो. म्हणून जननेंद्रियं ज्याच्या टोकाशी असतात ते पोट वेगळं काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे मऊ भाग विरघळवणाऱ्या अल्कलीत, रात्रभर ठेवायचं. गरम केलं तर काम मिनिटांत होतं, पण जरा जास्त झालं की नाजूक पापुद्रे विरतात. मग बारीक ब्रशने चरबी आणि खवले काढायचे. टाचणीवरच्या नमुन्याला आणि स्लाइडला एकच क्रमांक हवाच! ही जोडी तुटली, तर इतकी मेहनत करूनही नमुना पुरावा म्हणून उरत नाही.

मादागास्करचा लांब सोंडेचा हॉक मॉथ घ्या. डार्विनने १८६२ मध्ये ऑर्किडची लांब नळी पाहून असा पतंग असणार, असं सांगितलं होतं. १९०३ मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन या कीटक-अभ्यासकांनी त्याला आफ्रिकी पतंगाची उपजाती म्हटलं. शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासल्यावर, २०२१ मध्ये, तो 'झँथोपॅन प्रेडिक्टा' ही स्वतंत्र जाती ठरला. एका नमुन्याची सोंड २८.५ सेंटीमीटर भरली! इतकी वर्षं संग्रहालयांच्या पेट्यांत असूनही तो उपजातीच राहिला, म्हणून जुने नमुने पुन्हा उघडून बघायलाच हवेत.