गोसेखुर्दच्या पाण्यासाठी बोट निवडताना

समोर दोन जुन्या बोटी होत्या. एक १४ फुटी अॅल्युमिनियमची, १५ एचपीचं आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून टांगायचं) इंजिन, मागं बसून दांड्यानं वळवायची. दुसरी १६ फुटी फायबरची, ४० एचपी, स्टिअरिंग, गादीच्या सीटा. घरच्यांचा जीव अर्थातच दुसरीवर जडला. निर्णय मात्र काठानं दिला.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं बॅकवॉटर पावसाळा संपताना काठोकाठ असतं. उन्हाळ्याकडं पाणी मागं सरकतं आणि मधे गाळाचा पट्टा उरतो. गावाकडच्या काठाला पक्का उतार नाही. फायबरची बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून पाच-सहाशे किलो. चाकं रुतली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. अॅल्युमिनियमच्या बोटीचं अंग शंभर किलोच्या आसपास, इंजिन पन्नासेक किलो. इंजिन वेगळं काढलं की चौघं जण ती सहज पाण्यात सरकवतात.

माणसांचा हिशेब सोपा आहे: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. १४ × ५ म्हणजे चार माणसं, १६ × ६ म्हणजे सहा. आम्ही चौघं. पाहुणे आले तर दोन फेऱ्या मारायच्या, पाचवा माणूस कधीच बसवायचा नाही. पूर्ण वेगात पेट्रोल ढोबळमानानं दर एचपीला तासाला ०.३८ लिटर जातं. १५ एचपीला पावणेसहा लिटर, ४० ला पंधरा. टाकीतलं एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक यायला, एक राखीव.

जुनी बोट तपासताना घाई करू नका. अॅल्युमिनियमची बोट ट्रेलरवर ठेवून आत घोटाभर पाणी भरलं आणि खाली वाकून एकेक रिव्हेट पाहिला. डाव्या बाजूला तीन रिव्हेटांखाली थेंब धरत होते. ते पुन्हा ठोकून, सीलंट लावून बंद झाले. फायबरच्या बोटीत इंजिन टांगायच्या मागच्या फळीवर लाकडी हातोडीनं ठोकलं. वर आवाज खणखणीत, खाली बोल्टांपाशी भद्द. आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजलेलं. ही दुरुस्ती म्हणजे फायबर कापून सगळी फळी बदलणं. मला तरी हा दोष सौदा मोडण्याइतका मोठा वाटतो.

इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे पाण्यात उतरणारा पाय, तोही मोजा. मागची फळी १५ इंच उंच असेल तर शॉर्ट, २० असेल तर लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली की पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं.

या पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट, ढिवरांची जाळी आणि जलपर्णी आहे. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी त्याची जाळी जलपर्णीनं बुजते. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की लगेच इंजिन बंद करा, नाहीतर ते तापून जाम होतं. पाच मिनिटं चालून इंजिन मरत असेल, तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. सध्याचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून महिनाभर बोट उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवतो.

मे महिन्यात अॅल्युमिनियमच्या पाटावर हात ठेववत नाही. पाटांवर फोमचे तुकडे बांधले. दुपारनंतर वादळी वारा सुटतो, म्हणून अकराच्या आत काठावर. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, आणि मुलांच्या लाइफ जॅकेटला जांघेतून जाणारा पट्टा हवाच. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली जातं.