६.५ क्रीडमूर की .३०८ : हरणांच्या हंगामाआधीची नोंद

१००० यार्डांवरची पोलादी पाटी आणि झाडीतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, दोन्ही एकाच रायफलच्या काडतुसात भागतं का, आणि ते ६.५ क्रीडमूर असावं की .३०८? इथे टेक्सासात कुठल्याही रेंजवर या प्रश्नावर तास निघतो. माझं मत आता बरंचसं ठरलंय.

आधी लांब पल्ला. .३०८ विंचेस्टर १९५२चं, ६.५ क्रीडमूर हॉर्नडीने २००७मध्ये आणलं. कारखान्यातली मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची, काडतुसं घेतली, .३०८मध्ये १६८ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) आणि ६.५मध्ये १४० ग्रेन, तर दोन्ही गोळ्या सेकंदाला साधारण २७०० फुटांनीच सुटतात. फरक पडतो तो पुढे. ६.५ची गोळी बारीक, लांबट. तिचा बॅलिस्टिक कोएफिशियंट, म्हणजे हवा कापत जाण्याची क्षमता, .६४६, तर .३०८चा .५२३. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १००० यार्डांवर ६.५ सुमारे सहा फूट वाहते, .३०८ सुमारे आठ. गोळी किती खाली येणार हे तक्ता सांगतो, त्याची भीती नाही. वारा मात्र डोळ्यांनीच वाचावा लागतो. अंदाज दोन मैलांनी चुकला की ६.५ सव्वा फूट हुकते आणि .३०८ दीड फुटाच्याही पुढे जाते. शिवाय ६.५चा धक्का कमी, त्यामुळे आपलीच गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून दिसतं आणि पुढचा बार सुधारता येतो. स्कोअर वाढतो तो मुख्यतः यामुळेच, असं माझं म्हणणं.

.३०८ची जमेची बाजू म्हणजे नळी. ६.५ची नळी अडीच-तीन हजार बारांत अचूकपणा गमावू लागते; .३०८ची त्याहून बरीच जास्त टिकते.

हरणाचं गणित निराळं. ३०० यार्डांपलीकडे मी बार काढत नाही, आणि तिथवर दोघींच्या मार्गात जेमतेम इंचभर फरक. हरणासाठी १००० फूट-पौंड ऊर्जा हवी असा जुना ठोकताळा आहे. दोन्ही त्याच्या बऱ्याच वर. इथे काडतुसापेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची. मॅच गोळी कागदासाठी असते, अंगात शिरल्यावर ती कशी वागेल याचा भरवसा नाही. म्हणून ६.५मध्ये १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स ही हॉर्नडीची शिकारीची गोळी किंवा सबंध तांब्याची गोळी. आखूड नळीची .३०८ असेल तर ती विकू नका, झाडीत तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल, तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. दुकानात जाण्याआधी नियम नीट वाचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडतो. तोवर सराव .२२ या छोट्या काडतुसाच्या रायफलवर, २०० यार्डांवरून. कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळवलं तेही .२२वरच, ५० मीटरवर. २०० यार्डांवर .२२ची गोळी साध्या झुळकीनेही कित्येक इंच सरकते, म्हणजे वारा वाचायचा सराव होतो, आणि काडतुसाला लागतात काही सेंट. ६.५ची महागडी पेटी मी आता फक्त दुर्बीण ताडून बघायला उघडणार.